नावापुरतं घर

तिला सगळे टेपबाई म्हणायचे. पडदे शिवणं हा तिचा धंदा आणि माप घ्यायची टेप सदानकदा गळ्यात. बाजारात गेली तरी गळ्यात, दवाखान्यात गेली तरी गळ्यात. एकदा दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या म्हातारीने तिलाच डॉक्टरीण समजून जीभ काढून दाखवली होती. टेपबाईनेही जराही न गडबडता ती जीभ नीट बघितली आणि पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं. म्हातारी बरी झाली म्हणे.

शहरातल्या अर्ध्याअधिक खिडक्या तिला पाठ होत्या. माणसांची नावं ती विसरायची, खिडक्या नाही. कुठल्या घरात दुपारचं ऊन बिछान्यावर येतं, कुठल्या घरात भिंतच वाकडी असल्यामुळे पडदा एका बाजूला खाली आल्यासारखा दिसतो, हे तिला विचारावं. धंद्यात तिचा एकच हट्ट होता. दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर ती कात्री चालवायची नाही. गिऱ्हाईक फोनवर म्हणायचं, "अहो, मी मोजलंय ना, घ्या लिहून." ती म्हणायची, "मोजलं असेल हो. तरी मी येते." आणि जायची, स्टुलावर चढायची, स्वतः मोजायची. दहातल्या नऊ जणांचं माप चुकलेलं असायचं. ज्याचं बरोबर असायचं त्याच्यावर ती जरा नाराजच व्हायची.

हा हट्ट तिने जन्मात एकदाच मोडला. त्या एकदाचीच ही गोष्ट.

ती राहायची एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, भाड्याने. खोली तशी बरी होती, इस्त्रीची ऊब खालून फुकटात यायची. पण मालकाची एक अट होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भाडं घ्यायला आला की तो आधी भिंतींवरून हात फिरवायचा, मग पैसे घ्यायचा. त्यामुळे सगळ्या शहराच्या खिडक्या सजवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खिडकीला पडद्याचा रॉड नव्हता. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत एक दोरी ताणलेली आणि तिच्यावर चौकड्यांची जुनी चादर टाकलेली. कापड पसंत करायला आलेल्या बायका ते बघून हसायच्या. "टेपबाई, तुमच्याच खिडकीला हे?" तीही हसायची. म्हणायची, "माझं घर होऊ दे, मग बघा."

हे ती गमतीत म्हणत नव्हती. शहराच्या टोकाला एक नवी इमारत उभी राहत होती आणि तिथल्या दोन खोल्या तिने मनातल्या मनात केव्हाच आपल्या करून टाकल्या होत्या. पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी होती. वाळू-सिमेंटचा ढीग ओलांडून जाऊन तिने त्या खिडकीचं माप तीनदा घेतलं होतं, तिन्ही वेळा तेच आलं. साठवलेले पैसे होते, उरलेल्याला बँक तयार होती. मधे थोडी फट राहत होती, आणि ती फट बुजवायची सोयही निघाली. जन्मात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना मदत मिळते, असं तिला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. परत द्यावी न लागणारी मदत. ती मिळाली तर घर, नाही मिळाली तर लॉन्ड्री. हिशेब इतका सरळ होता.

मदतीच्या कार्यालयात एक खिडकी होती आणि खिडकीमागे एक बाई बसलेली होती. टेपबाईने सवयीने आधी खिडकीच बघितली. हिला पडद्याची गरज नाही, असं ठरवून मग तिने आपलं नाव सांगितलं आणि ओळखपत्र पुढे सरकवलं. भरलेला अर्ज अजून तिच्या हातातच होता.

खिडकीवरच्या बाईने बटणं दाबली, कॉम्प्युटरकडे बघितलं, टेपबाईकडे बघितलं. बाई स्वभावाने चांगली असावी, कारण तिने आवाज खाली आणला.

"तुम्ही पहिल्या घराची मदत मागताय ना?"

"हो."

"तुमचं पहिलं घर झालंय."

"कुणाचं?"

"तुमचंच. हे बघा, पहिलं नाव तुमचं, दुसरं तुमच्या भावाचं. आणि मदतही दिलेली आहे तेव्हा."

टेपबाईला काही वेळ काहीच कळलं नाही. मग भावासाठी केलेली एक सही आठवली. "ते नावापुरतं होतं," ती म्हणाली.

"इथे नावच बघतात, ताई."

"मग ते नाव काढून टाकलं तर?"

"नाव निघेल. पण झालेलं घर न झालेलं कसं करणार? पहिलं घर एकदाच असतं." बाईने जरा थांबून विचारलं, "राहता ना तुम्ही तिथे? कारण अट आहे. ज्याच्या नावावर मदत, त्याने त्या घरात राहायचं. राहत नसाल तर सगळी रक्कम दंडासकट परत घेतात. पहिल्या नावाकडून."

हातातल्या अर्जावर लॉन्ड्रीच्या वरचा पत्ता चांगल्या अक्षरात लिहिलेला होता. टेपबाईने अर्जाची घडी केली, पुन्हा घडी केली आणि पिशवीच्या तळाला घातली.

"राहते की," ती म्हणाली.

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. पण तो शब्द एकदा तोंडातून गेला तो गेला.

आता हे नाव तिथे लागलं कसं, ते सांगितलं पाहिजे. टेपबाईला एकच भाऊ, दादा. त्याचं फरश्यांचं दुकान होतं आणि बोलणं फरशीसारखंच गुळगुळीत. त्याने घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मदतीच्या बाबतीत पंचाईत होती. त्याच्या नावावर आधी एक घर होऊन गेलेलं, विकलेलं. वहिनीच्या नावावर माहेरचं एक होऊन गेलेलं, तेही विकलेलं. सगळ्या घराण्यात 'पहिलं घर' शिल्लक असलेली एकटी हीच उरली होती. दादा तिच्या खोलीवर आला तेव्हा मशीन चालू होतं, एका हॉटेलचे पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

"एवढी सही कर गं," दादा म्हणाला. "घराचं आहे."

"माझी कशाला?"

"बाईचं नाव असलं की सवलत मिळते. नावापुरतं आहे."

तिने बोटांचं तेल पुसलं आणि तो बोट ठेवेल तिथे सही केली. मग एका कचेरीत जाऊन फोटो दिला, अंगठा दिला. बाहेर आल्यावर दादाने तिला चहा पाजला. एवढ्यावर तिचं पहिलं घर खपलं.

पुढे दादाने त्या घरात जेवण दिलं, तेव्हा सगळ्या खोल्यांचे पडदे हिनेच शिवले होते, कापडासकट, एक पैसा न घेता. पाहुण्या बायकांनी पडद्यांचं कौतुक केलं. वहिनीने हिच्याकडे हात करून सांगितलं, "ह्याच आमच्या पडदेवाल्या." 'माझ्या नणंद' असं म्हणाली असती तर तोंड झिजलं नसतं. टेपबाई तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती. ती गोष्ट तिने विसरून टाकलेली नव्हती, नुसती बाजूला ठेवलेली होती.

कार्यालयातून ती सरळ दुकानात गेली. दादा एका गिऱ्हाइकाला फरशीवर टिचकी मारून आवाज ऐकवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली.

"दादा, त्या घराला मदत मिळाली होती? माझ्या नावावर?"

"मदत म्हणजे... सवलतच ती."

"तू सवलत म्हणाला होतास. मदत म्हणाला नव्हतास."

"शब्दात काय अडकतेस?" दादाने उगाच आणखी एका फरशीवर टिचकी मारली. "तुला आत्ता लागणार आहे हे मला काय माहीत? झालं ते झालं. आता काय करणार?"

हे तो काखा वर करायला म्हणाला. पण टेपबाईला प्रश्न विचारला की ती उत्तर शोधायची. हा प्रश्न ती घरी घेऊन गेली.

तरीही तिने लगेच काही केलं असतं असं नाही. ती मुळात भांडखोर नव्हती. हप्ते दादाच भरत होता, घराला पैसा त्याचा लागला होता, हे ती स्वतःला सांगत राहिली. तशात टोकाच्या इमारतीतल्या त्या दोन खोल्या गेल्या. एका नवरा-बायकोने घेतल्या. आणि त्यांनी पडद्यांसाठी बोलावलं ते हिलाच.

ती गेली. भिंतभर खिडकी तिथेच होती. नवी बायको म्हणाली, "तुमच्याबद्दल फार ऐकलंय हो." नवरा म्हणाला, "मदत मिळाली म्हणून जमलं, नाहीतर कुठलं घर आणि कुठलं काय." टेपबाई स्टुलावर चढली आणि तिने माप घेतलं. चौथ्यांदाही तेच आलं. त्या दोघांचा काही दोष नव्हता, म्हणून तिने पडदे मन लावून शिवले, अस्तर चांगलं लावलं, खालची दुमड ऐसपैस ठेवली. रॉडच्या रिंगांमधून पडदा सर्रकन सरकला तेव्हा ती बायको टाळ्या वाजवून हसली. टेपबाई पैसे घेऊन जिना उतरली, आणि खालच्या पायरीवर बसून रडली. मग तिने टेपनेच डोळे पुसले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, हिची गेली आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिली. त्या पायरीवरून उठलेली बाई वेगळी होती. दादाने केसाने गळा कापला होता आणि वर विचारत होता, आता काय करणार.

रविवारी सकाळी दादाच्या इमारतीखाली टेम्पो उभा राहिला. बेल वाजली, वहिनीने दार उघडलं. पुढे मशीन, मागे कापडाचे तागे, त्यांच्या मागे टेपबाई, गळ्यात टेप.

"वन्सं, हे काय?"

"सामान."

"कुणाचं?"

"मालकिणीचं," टेपबाई म्हणाली. "जरा सरकता का? मशीन जड आहे."

दादा बनियनवरच बाहेर आला. टेम्पोवाल्यासमोर बोलायची चोरी, म्हणून तो नुसता डोळ्यांनी विचारत राहिला. टेपबाईने सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, आणि पुढची, पाहुण्यांची खोली पसंत केली. तिथे वहिनीचं काचेचं कपाट होतं. ते तिने टेम्पोवाल्याच्या मदतीने, एकाही कपाला धक्का न लावता, आतल्या बोळात नेऊन ठेवलं. कपाटाच्या जागी मशीन आलं. टेम्पोवाला गेला तसा दादाला कंठ फुटला.

"किती दिवस?"

"घर आहे दादा. घरात माणूस किती दिवस राहतं?"

"अगं, ते नावापुरतं होतं."

"मग मीही नावापुरतीच राहते."

"हे बरं नाही दिसत."

"अट आहे. मी राहिले नाही तर सगळी मदत दंडासकट परत द्यायला लागेल. तू देतोस का? मग आत्ता जाते."

दादा कुठून देणार? ती रक्कम केव्हाच भिंतींत मुरली होती.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येत नाही. टेपबाईने एकदाही आवाज चढवला नाही. वहिनीला दुपारी झोपायची सवय होती, आणि मशीन नेमकं दुपारी रंगात यायचं. गिऱ्हाइकं बैठकीतून आत यायची, चपला आत घेऊन. वहिनीच्या मैत्रिणी आल्या की टेपबाई दाराशी येऊन विचारायची, "खिडक्यांचं काही आहे का?" सोफ्यात टाचण्या सापडायला लागल्या. चहाच्या कपात दोऱ्याचे तुकडे. दादा बसताना आता आधी हात फिरवून बघायचा, भाडं घ्यायला आलेल्या मालकासारखा. हे सगळं ती मुद्दाम करत होती का? अर्थातच मुद्दाम करत होती. आणि तिला त्याचा आनंद होत होता, चांगला, पोटभर आनंद. बऱ्याच वर्षांत तिला इतकी भूक लागली नव्हती.

स्वयंपाकघरात ती कुणाच्या मध्ये यायची नाही. आपलं भांडं आपण घासायची, आपला कट्टा पुसायची. त्यामुळे वहिनीला बोलायला जागा मिळायची नाही, आणि वहिनीला तेच जास्त झोंबायचं.

तशात पाहणी आली. मदत दिलेल्या घरात खरंच कोण राहतं ते बघायला कार्यालयाचा माणूस मधूनमधून यायचा. आजवर दादाने त्याला छान वाटेला लावलं होतं. बहीण कामाला गेलीय, बहीण आत्ताच बाहेर पडली, तुमची चुकामूक झाली बघा. या वेळी साहेबांनी बेल वाजवली आणि दार टेपबाईने उघडलं.

"तुम्हीच का त्या?" साहेब खूश झाले. "इतक्यांदा आलो, तुमची काही गाठ पडेना."

"या ना, बसा. जरा हात फिरवून बसा, टाचण्या असतात."

साहेबांनी मशीन बघितलं, तागे बघितले, मशीनशेजारी मांडलेल्या कात्र्या बघितल्या. सगळं पटलं. वहिनीला समोर बघून काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि ह्या?"

"ह्या आमच्या वहिनी," टेपबाई म्हणाली, आणि पुढचं बोलायच्या आधी तिने वहिनीकडे नीट बघून घेतलं. "पडदे छान धुतात."

साहेबांनी दादाकडे मान वळवली. "आणि आपण?"

दादाने तोंड उघडलं. मालक म्हणावं तर सगळं उघडं पडायचं.

"माझा भाऊ," टेपबाई म्हणाली. "सध्या माझ्याकडे असतो."

"चांगलं आहे," साहेब म्हणाले. "आजकाल कोण कुणाला ठेवून घेतं?"

साहेब गेले. दादा त्या दिवशी जेवला नाही. वहिनी जेवली, पण ताट आपटून.

चार दिवसांनी दादा तिच्या खोलीत आला. दुपार होती. तो कापडाच्या ताग्यावर बसला, लहानपणी बसायचा तसाच, पाय जवळ घेऊन. लहानपणी ती बाहुलीचे कपडे कापायची तेव्हा कापडाचं टोक घट्ट धरून ठेवायचं काम त्याचं असायचं. कंटाळायचा नाही. टेपबाईला ते आठवलं, आणि आठवायला नको होतं.

"चुकलं गं माझं," दादा म्हणाला. "आता आवर. हे घर माझं एकट्याचं राहू दे. तुला दुकानाजवळ चांगली जागा बघतो, भाडं मी भरतो. मदत परत द्यावी लागली तर तीही कशीतरी देतो." त्याने एक कागद पुढे केला. "इथे सही कर. संपवू हे."

त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. टेपबाईचा राग विरघळला असं नाही, पण हलला. पायाखालचं पॅडल तिने सोडलं. शेवटी भाऊ होता, चूक झाली म्हणत होता, आणि ती दोन खोल्यांची खिडकी काही परत येणार नव्हती. भरपूर झालं, तिला वाटलं. तिने पेन हातात घेतलं आणि टोपण काढलं.

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिने गप्प राहायला हवं होतं. अजून थोडा वेळ, टेपबाईची सही होईपर्यंत. पण इतके दिवसांचं साठलेलं होतं.

"करा एकदाची," वहिनी म्हणाली. "एवढा तमाशा. ह्यांनी तेव्हाच म्हटलं होतं मला, ती कुठे घर घेणार आहे? तिचं नाव वापरलं तर कुणाचं काय जातं?"

टेपबाईने दादाकडे बघितलं. तो नाही म्हणेल, म्हणून तिने वाट बघितली. खोटं का होईना, नाही म्हणाला असता तर तिने सही केली असती. दादा खाली फरशीकडे बघत होता. स्वतःच्याच दुकानातली फरशी, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे तो विसरला नव्हता, चुकला नव्हता. त्याने विचार केला होता. ह्या बाईला कधी घर होणारच नाही, तर तिचा हक्क तसाही वाया जाणार, असा शांतपणे विचार केला होता. टेपबाईला इतकं कुणी कधी कमी मोजलं नव्हतं.

तिने पेनाचं टोपण लावलं.

"ह्याचं माप मी घेतलेलं नाही, दादा," तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला. "दुसऱ्याच्या मापावर मी कात्री चालवत नाही. एकदा चालवली ती पुरे."

आणि तिने मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत जाऊन आली. त्या महिन्यापासून हप्त्यातला अर्धा भाग तिच्या साठवलेल्या पैशांतून जायला लागला. दादाला बँकेने तसं कळवलं तेव्हा तो धावत आला, नको म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाचे पैसे नको म्हणत होता. कारण त्यालाही कळलं होतं, आता नावापुरतं म्हणायला तोंड राहिलं नाही.

मग वहिनीने निर्वाणीचं सांगितलं, एक तर ती नाहीतर मी. टेपबाईला हलवणं जमणारं नव्हतं, म्हणून दादा आणि वहिनीच हलली. थोडे दिवस भाड्याने राहू, ही कंटाळून जाईल, असा त्यांचा बेत होता. निघायच्या दिवशी वहिनीने स्टूल घेतलं आणि ती पडदे काढायला लागली.

"राहू द्या," टेपबाई म्हणाली. "पडदेवालीचे पैसे द्यायचे राहिलेत. ते दिले की न्या."

वहिनी स्टुलावरून उतरली. दोघं गेली. घर मोठं वाटायला लागलं, आणि सांगायचं तर टेपबाईला एकटेपणा वगैरे काही वाटलं नाही. तिला गाढ झोप लागली.

महिना दीड महिना गेला असेल. संध्याकाळी बेल वाजली. दारात दादा उभा होता. किल्ली त्याच्याकडे होती, अजूनही होती, तरी त्याने बेल वाजवली होती. हातात कागदाचा चिटोरा होता.

"खिडक्या मोठ्या आहेत तिथे," तो म्हणाला. "समोर रस्ता आहे. दिवा लावला की येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. ती फार वैतागलीय." त्याने चिटोरा पुढे केला. "माप मी घेतलंय. पैसे देतो मी, पूर्ण."

टेपबाईने चिटोऱ्याकडे बघितलं नाही.

"रॉड आहेत का?"

"नाहीत. बसवायला लागतील."

"मालक खिळा ठोकू देतो?"

दादाने चिटोऱ्याची घडी केली. "नाही," तो म्हणाला. "भिंतींना हात लावू देत नाही."

"थांब हं," टेपबाई म्हणाली आणि आत गेली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात चौकड्यांची जुनी चादर होती. लॉन्ड्रीवरून निघताना तिने ती धुऊन, इस्त्री करून आणली होती. का आणली होती, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता आलं असतं. तिने चादर आणून त्याच्या हातांवर ठेवली. वर दोरीची गुंडाळीही ठेवली.

"गजाला एक टोक बांध, कपाटाच्या कडीला दुसरं. आणि ही टाक."

"ही चादर आहे गं."

"हो. नावापुरता पडदा होतो."

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे त्याला काय दिसलं कोण जाणे, पण तो वळला आणि चादर छातीशी धरून जिना उतरायला लागला.

टेपबाईने दार लावलं. हत्यारांच्या डब्यातून हातोडी घेतली, खिळा घेतला, स्टूल दाराशेजारच्या भिंतीला लावलं. त्या भिंतीला खिडकी नव्हती. टांगायचं काहीच नव्हतं. बाहेर जिन्यात त्याच्या चपला अजून वाजत होत्या. हातोडीच्या पहिल्या ठोक्याला त्या थांबल्या. तिने दुसरा घातला, तिसरा घातला, आणि खिळा भिंतीत पुरता बसेपर्यंत ती ठोकत राहिली.